आईंचा गोटा

"एकेक गोटा उचला आणि मनात आपलं नाव घेऊन इथं ठेवा," मी म्हटलं, तेव्हा शालिनीवहिनी पायाखाली बघत म्हणाल्या, "कुठलाही चालेल ना? की धुऊन घ्यायचा?"

कुठलाही चालतो, असं मी सांगितलं. हे सगळं मी इतक्या पाहुण्यांना सांगितलं होतं की कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. आंबेझरीच्या गुहेत उतरण्याआधी प्रत्येकाने तोंडाजवळच्या सपाट कातळावर एक गोटा ठेवायचा. बाहेर आलं की ज्याने त्याने आपला गोटा उचलून लांब फेकायचा. कातळ रिकामा झाला म्हणजे आत कुणी उरलं नाही, मग गुहेची राखण करणारी गिरजाबाई लोखंडी फाटकाला कुलूप लावून घरी जायची. दुसऱ्याचा गोटा त्याने सांगितल्याशिवाय उचलायचा नाही. आणि ज्याचा गोटा तिथं राहिला त्याला पुन्हा यावं लागतं, असंही गावात म्हणत.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात एका सिमेंट कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. वसाहतीत दाखवण्यासारखं म्हणजे एक चिमणी, एक गणपतीचं देऊळ आणि साहेबलोकांच्या क्लबातलं सुकलेलं कारंजं. त्यामुळे पाहुणा आला की पहिल्या दिवशी पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी गुहा, असा आमच्याकडचा रिवाजच पडला होता. पुरण मीच वाटायचं आणि गुहेतही मीच उतरायचं.

त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे माझे थोरले दीर भालूभाऊजी आणि जाऊ शालिनीवहिनी. नवी गाडी घेऊन ते नागपूरहून शनिवारी संध्याकाळी आले होते आणि रविवारी गुहा बघून तिथूनच परस्पर परत जाणार होते, कारण गुहा नागपूरच्या रस्त्यावर पडते. माझ्या सासूबाईही बरोबर यायचं म्हणून हटून बसल्या. मग परतीला आम्हा दोघींना घ्यायला कारखान्याची जीप यायची ठरली.

म्हणजे जे काही विचारायचं ते मला जीप यायच्या आत विचारायचं होतं. आईंना सहा महिने तुमच्याकडे न्या, एवढंच ते होतं.

आई न्हाणीत पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून मी सलग झोपले नव्हते. रात्री तीनदा, कधी चारदा, आतल्या खोलीतून "वत्सल" अशी हाक यायची. मी उठायचे, त्यांना हात धरून न्हाणीपर्यंत न्यायचे, परत आणून पांघरूण घालायचे आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा हाक यायची. दिवसा कुणी बसायला आलं तर मी बोलता बोलता पेंगायचे. एकदा भाजीवाल्यासमोर उभ्या उभ्या डोळे मिटले. आई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान चार शब्द बोलून मन हलकं करता आलं असतं. त्या हाक मारून झाल्यावर दर वेळी म्हणायच्या, "झोपमोड केली बाई तुझी," आणि मला रागावायचीही सोय उरायची नाही.

ह्यांना मी सांगून पाहिलं होतं. हे म्हणाले, तूच विचार, मी विचारलं तर भांडणावर जाईल. आणि रविवारी सकाळी ऐनवेळी भट्टी बंद पडल्याचं सांगून हे कारखान्यात निघून गेले. भट्टी खरोखरच बंद पडली होती, नाही असं नाही. पण ती काही ह्यांनी एकट्याने काड्यापेटीने पेटवायची नव्हती.

म्हणून गेले पंधरा दिवस मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता वाक्यं जुळवत होते. भाऊजी, एक विचारायचं होतं. भाऊजी, राग मानू नका. भाऊजी, तुम्हालाही आई आहेत आणि मलाही पाठ आहे. हे शेवटचं मला आवडलं होतं, पण मोठ्याने म्हटलं की भांडखोर वाटायचं.

गुहेच्या तोंडाशी भाऊजींनी गोटा ठेवला, वहिनींनी पदराने पुसून ठेवला, मी माझा ठेवला. चिंचेखाली गिरजाबाईची बाज होती, तिच्यावर आम्ही आईंना बसवलं होतं. त्या काठी टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "माझाही ठेव."

"आई, तुम्ही कुठं उतरणार आहात?" मी म्हटलं.

"उतरत नाही गं. इथवर आले ना? मग माझाही ठेव."

त्यांनी बाजेजवळचा एक लालसर गोटा काठीने दाखवला. मी तो उचलून त्यांच्या हाताला लावला आणि आमच्या गोट्यांशेजारी ठेवला. त्यांची कापडी पिशवी खांद्यावरून घसरत होती, ती घेऊन मी बाजेवर ठेवली. पिशवी चांगली जड होती. यात एवढं काय आणलंत म्हणून विचारलं, तर म्हाताऱ्या माणसाला चार गोष्टी लागतात, असं म्हणाल्या. गिरजाबाईला लक्ष ठेवायला सांगून आम्ही तिघं खाली उतरलो.

उतरताना वहिनींनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. त्यांना अंधाराची भीती वाटत होती आणि त्या तसं मोकळेपणाने सांगतही होत्या. भाऊजी पुढे बॅटरी मारत चालले होते आणि गुहेबद्दल मलाच माहिती देत होते. चुनखडी पाण्याने कशी विरघळते, खांब कसे वाढतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं होतं. मी हो हो करत होते. अरुंद जागा आली तेव्हा, इथं सगळ्यांनाच वाकावं लागतं, कलेक्टर आले होते तेही वाकले, हे माझं नेहमीचं वाक्य मी म्हटलं आणि भाऊजी नेहमीच्या पाहुण्यांसारखे हसले.

चालता चालता वहिनी त्यांच्या आईबद्दल बोलल्या. दोन वर्षं अंथरुणावर होत्या, सगळं वहिनींनीच केलं, आणि मागच्या पावसाळ्यात त्या गेल्या. "आता सकाळी उठते तर हातांना कामच नसतं," त्या म्हणाल्या. "आधी आठवडाभर नुसती झोपले बघ." झोपले म्हणाल्या तेव्हा मला त्यांचा इतका हेवा वाटला की घशाशी आलेलं वाक्य मी गिळलं. ज्या बाईने नुकतीच एक म्हातारी पार पोचवली, तिच्या दारात दुसरी कशी नेऊन बसवायची?

शेवटी मोठी खोली लागते. छत उंच, मधे सपाट जागा, आणि एका कोपऱ्यात थेंब थेंब पाणी पडत असतं. तिथं बसून सगळ्या बॅटऱ्या विझवायच्या आणि थेंब ऐकायचा, हाही रिवाज. तो गावाचा की माझा, आता मलाच आठवत नाही. आम्ही खाली बसलो. भाऊजींनी बॅटरी विझवली, मी माझी विझवली.

तसा अंधार वर कुठं मिळत नाही. डोळे उघडे की मिटलेले ते कळत नाही. कुणाचं तोंड दिसत नव्हतं म्हणून मला धीर आला.

"भाऊजी," मी म्हटलं, "आईंना सहा महिने तुमच्याकडे न्या. मी फार दमले आहे."

पंधरा दिवस जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, हेच तोंडातून आलं. मग मी थांबले. थेंब पडला. पुन्हा पडला. वहिनींचा हात माझ्या हातात होता, तो हलला नाही. त्यांच्या बांगड्या एकदा वाजल्या. भाऊजींच्या नाकातून जाणारा श्वास मला ऐकू येत होता, आणि ते जागे आहेत, बहिरे नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग टक् करून त्यांची बॅटरी लागली. त्यांनी ती सरळ छतावर मारली.

"तो दगड बघितलास, शालिनी? थेट हत्तीची सोंड."

"हो की," वहिनी म्हणाल्या.

आम्ही उठलो. वर चढताना, इथं पाय जपून टाका, शेवाळ आहे, असं मी सांगितलं. एवढं सांगायला अजून माझ्यात जीव होता याचं मलाच नवल वाटलं. राग आला नव्हता. राग यायलाही झोप झालेली लागते. आता घरी जायचं, आईंना जेवायला वाढायचं आणि रात्री पहिल्या हाकेला उठायचं, एवढंच डोक्यात होतं.

बाहेर आलो तर ऊन उतरलं होतं. भाऊजींनी गोटा उचलून नाल्याच्या दिशेने फेकला, वहिनींनी फेकला, मी माझा हातभर अंतरावर टाकला. गिरजाबाई डोक्यावरची घागर उतरवत कातळाजवळ आली आणि तिथं राहिलेल्या लालसर गोट्याकडे बघून म्हणाली, "अजून एक जन आत हाय ना जी?"

"नाही हो, तो आमच्या आईंचा," मी म्हटलं आणि चिंचेकडे वळून पाहिलं. बाज रिकामी होती.

"गिरजाबाई, आजी कुठं आहेत?"

"मी पानी भराले गेल्ती ना बाई. तवा तं इथंच बसून होत्या."

काठी नव्हती. आई नव्हत्या. फाटक सताड उघडं होतं आणि कातळावर त्यांचा गोटा होता. भाऊजींनी हातातली बॅटरी पुन्हा लावली. "आत गेली," ते म्हणाले. "आपल्या मागोमाग आत गेली ती." मी काही बोलायच्या आत ते धावत पायऱ्या उतरले. मघाशी ज्या माणसाला एक शब्द सुचला नव्हता, तो आता खालून आई, आई म्हणून ओरडत होता, आणि प्रत्येक हाक गुहेतून दोनदा परत येत होती. शालिनीवहिनी फाटकाचा गज धरून उभ्या राहिल्या. गिरजाबाई कंदील आणायला घराकडे पळाली.

मीही पळायला हवं होतं. मला भीती आधी वाटली की थकवा आधी आला, ते सांगता येत नाही. पाय उचलेना म्हणून मी त्या रिकाम्या बाजेवर बसले. बसल्यावर लक्षात आलं की पिशवीही नाही. न्हाणीपर्यंत जायला जिला हात लागतो ती म्हातारी गुहेत उतरताना एवढी जड पिशवी कशाला नेईल?

मी उठले आणि वळणापलीकडे गेले. रस्ता खराब म्हणून भाऊजींनी गाडी तिकडे शाळेजवळ सावलीत उभी केली होती आणि आत वाफ धरू नये म्हणून काचा खाली ठेवल्या होत्या. मागच्या सीटवर आई बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, काठी पायाशी. घामाने कपाळावरचं गोंदण चमकत होतं. तेवढं अंतर त्या एकट्या चालून आल्या होत्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. "बघून झालं सगळं?"

"आई, तुम्ही इथं काय करताय? भाऊजी तिकडे आत तुम्हाला शोधताहेत."

"शोधू दे थोडं. बऱ्याच वर्षांत शोधलं नाही त्याने." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "विचारलंस त्याला?"

"काय विचारायचं होतं?" मी म्हटलं.

"पंधरा दिवस कणकेला विचारत होतीस. मला वाटलं, पाठ झालं असेल."

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

"स्वयंपाकघराची भिंत आहे ती वत्सल, किल्ल्याची नव्हे. काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाले."

"अंधारात विचारलंस ना? तिथंच चुकलीस. लहानपणापासून त्याचं हेच. अभ्यासाचं विचारायला जावं तर दिवा मालवून झोपल्याचं सोंग." त्यांनी पिशवीचं तोंड उघडून मला दाखवलं. आत दोन लुगडी, औषधांचा डबा, दातांची डबी आणि जपाची माळ होती. "म्हणून मी बसले आहे. आता तुला विचारायला नको आणि त्याला नाही म्हणायला नको. आईला हाताला धरून गाडीतून उतरवील असा तो नाही. तेवढा मी वाढवलाय त्याला."

मला रडू आलं. ते आनंदाचं नव्हतं आणि दुःखाचंही नव्हतं, नुसतं दमल्याचं होतं. आई खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या. पूस डोळे, म्हणाल्या, ते येतील आता.

मी गिरजाबाईला हाक मारून सांगितलं आणि थोड्या वेळाने ते दोघे आले. भाऊजींच्या सदऱ्याला चिखल लागला होता, कोपर खरचटलं होतं. आईंना बघून त्यांचा आधी जीव भांड्यात पडला आणि मग राग आला, आणि रागाला शब्द सापडेपर्यंत त्यांना मांडीवरची पिशवी दिसली. ते पिशवीकडे बघत राहिले. गुहेत मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं होतं, हे मला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"चल रे," आई म्हणाल्या. "नागपूर लांब आहे."

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. सगळे पुरुष अशा वेळी बघतात तसंच. शालिनीवहिनी गाडीच्या टपावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचं सुटलेलं वर्ष, सकाळी हातांना काम नसलेलं ते वर्ष, तिथंच संपत होतं आणि ते त्यांना कळत होतं. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. म्हटल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता.

"रात्री किती वेळा उठतात?" त्यांनी मला विचारलं.

"तीनदा. कधी चारदा."

"माझी आई पाचदा उठायची," वहिनी म्हणाल्या. मग पुढचं दार सोडून त्या मागे आईंच्या शेजारी जाऊन बसल्या. आईंच्या लुगड्याचा पदर दाराबाहेर लोंबत होता, तो त्यांनी आत ओढून आईंच्या मांडीखाली नीट खोचला. "दार लावा," त्या भाऊजींना म्हणाल्या, "आणि गाडी जरा हळू घ्या. खुब्याचं दुखणं आहे त्यांना."

गाडी सुरू झाल्यावर आईंनी मला जवळ बोलावलं.

"माझा गोटा उचल आणि लांब फेक. मघाशी तू तुझा टाकलास तसा पायाशी नको."

तेव्हा त्या इथं गाडीत होत्या, त्यांनी ते पाहिलं असणं शक्य नव्हतं. पण माझं टाकणं त्यांना ठाऊक होतं.

"आई, असू दे की तो—"

"मी सांगितलं ना? सांगितल्यावर उचलता येतो. तू पुन्हा माझी वाट बघत बसू नकोस. झोप."

गाडी वळणाआड गेली. मी परत कातळाकडे आले. गिरजाबाई किल्ली घेऊन उभीच होती. "बाई, उचला ना तेवढा गोटा, मले कुलूप लावाचं हाय," ती म्हणाली. मी तो लालसर गोटा उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फेकला. तो नाल्यापलीकडे जाऊन पडला. मला इतकं हलकं वाटलं की ते लपवायला मी जीप येईपर्यंत गिरजाबाईशी उगाच तिच्या शेळ्यांबद्दल बोलत बसले.

मग मी झोपले. रात्री झोपले, दुपारी झोपले, जेवण झालं की झोपले. ह्यांनी दोन-तीन दिवस स्वतः चहा केला आणि तो किती वाईट होतो हे त्यांचं त्यांना कळलं. पुढे झोप भरली. भाजीवाला म्हणाला, बाई, आता बऱ्या दिसता. घरी पाहुणे यायचे, मी पुरण वाटायचे, त्यांना गुहा दाखवायचे. सगळं ठीक होतं. फक्त कणीक मळताना मी बोलायची थांबले. ऐकायला कुणी नव्हतं, तर बोलून काय करायचं?

पाऊस सरल्यावर एका सकाळी मी एसटीने आंबेझरीला गेले. बरोबर एकही पाहुणा नव्हता. गुहेत उतरायचं नव्हतंच. नाल्यापलीकडे बराच वेळ मी खाली वाकून हिंडले, पण तिथं लालसर गोटे ढिगाने होते आणि आईंचा कुठला ते देवालाही सांगता आलं नसतं. शेवटी हाताला लागला तो उचलला आणि आणून कातळावर ठेवला.

गिरजाबाई बघतच राहिली. "कोनाचा हो बाई? आत तं कोनीच नाही."

"आत नाही," मी म्हटलं. "यायचंय एकाला."

मग मी कुलूप लावाचं कसं, असं तिने विचारलं. तेही खरं होतं. आम्ही दोघींनी मिळून तो गोटा कातळाच्या कडेला, चिंचेच्या मुळाशी सरकवून ठेवला आणि तिने मला चहा दिला.

आई दिवाळीला परत आल्या. भाऊजी आणि वहिनी दोघेही सोडायला आले होते. वहिनींचे डोळे खोल गेले होते, मला ते डोळे ओळखीचे होते, म्हणून मी त्यांना आधी आमच्या खोलीत नेऊन निजवलं आणि दार ओढून घेतलं. आई काठी टेकत स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडच्या आपल्या पलंगावर जाऊन बसल्या.

"वत्सल, गोटा लांब फेकला होतास ना?"

"हो, पार नाल्यापलीकडे."

"मग मी परत कशी आले?"

पाच माणसांच्या पोळ्या व्हायच्या होत्या. परातीत पीठ घेतलं, मीठ टाकलं, मधे खळगा करून पाणी ओतलं आणि मळता मळता हळूच कणकेला सांगितलं, "आल्या बाई एकदाच्या."

भिंतीपलीकडून आई म्हणाल्या, "ऐकलं मी."